आजोळचा रकाना

माझ्या भाच्याच्या पहिल्या केसपेपरवर एक ओळ आहे : 'कौटुंबिक इतिहास – नाही.' ती लिहिली गेली तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता. भिंतीला धरून नुकता कुठे उभा राहायला लागला होता आणि उजवा गुडघा तटतटून सुजला होता, हात लावू देत नव्हता. त्याच्या आठ दिवस आधी तालुक्याच्या एका डॉक्टरांनी ताप आला म्हणून मांडीत इंजेक्शन दिलं होतं, तिथे वांग्याच्या रंगाची गाठ आली होती. जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या दवाखान्यात पोचलो, रांग लावली, साडेअकराला नंबर आला. टेबलामागच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "वडिलांकडे कुणाला असा त्रास?" दाजींनी मान हलवली. 'नाही' लिहिलं गेलं आणि शिक्का बसला.

माझी आई मागे बाकावर बसली होती, दुधाची बाटली आणि कपड्यांची पिशवी सांभाळत. परतताना एसटीत, खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "आमच्या दादाचंही असंच व्हायचं. गुडघा धरून रडायचा." हा दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, मी कधीच न पाहिलेला माझा मामा. दहाव्या वर्षी गेला. 'दाताचं निमित्त झालं' एवढंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. दुधाचा दात पडला, तीन दिवस तोंडातलं रक्त थांबलं नाही, चौथ्या दिवशी पोर गेलं. घरात कुणी त्याला आजार म्हटलंच नव्हतं.

पुढे निदान झालं : हिमोफिलिया ए, तीव्र. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी आठव्या क्रमांकाचा घटक अंगात असून नसल्यासारखा. बी प्रकारात हेच नवव्या घटकाचं होतं. दोन्हींचं जनुक एक्स गुणसूत्रावर, आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. म्हणजे हा आजार आजोळहून येतो. 'पोरगं मामावर गेलंय' हे आपण नाकाडोळ्यांबद्दल कौतुकाने म्हणतो, ते इथे शब्दशः खरं ठरतं. सुमारे एक तृतीयांश घरांत मागे कुणालाच नसताना हा आजार नव्याने उगवतो, हेही सांगायला हवं. पण उरलेल्या दोन तृतीयांशांत विचारायचा प्रश्न एकच असतो : आईच्या भावाला, आईच्या मामाला, मावशीच्या मुलाला असं काही होतं का? त्या टेबलावर तोच विचारला गेला नाही. तो डॉक्टर कामाने पिचलेला होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. छापील कागदावर रकाना जसा होता तसा त्याने भरला.

आपला सगळा कागदी कारभारच बापाच्या अंगाने चालतो. सातबारा, रेशन कार्ड, शाळेचा दाखला. जात पडताळणीला वंशावळ जोडायची ती वडील, आजोबा, पणजोबा अशी. हौसेने छापलेले कुळवृत्तांत उघडून पाहा. मुलाच्या नावाखाली तीन पिढ्यांचा वेल पसरतो, मुलीच्या नावापुढे सासरचं आडनाव येतं आणि पुढे रेघ. लग्नानंतर तिचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं, आणि तिच्यातून पुढे जाणारी कोणतीही गोष्ट सरकारच्या दृष्टीने तिथेच लुप्त होते. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत नावानंतर आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. चांगलं केलं. पण आईचं नाव आलं तरी आईचं माहेर आलेलं नाही. व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यातला हिमोफिलिया साऱ्या जगाला ठाऊक आहे, कारण तिच्या लेकी-नाती कुठल्या दरबारात दिल्या आणि त्यांची कोणती मुलं रक्तस्रावाने गेली याची नोंद राहिली. माझ्या आईच्या माहेरची नोंद माझ्या आईच्या डोक्यात होती, आणि तीही एसटीत बसल्यावर बाहेर आली.

रक्तस्रावाच्या विकारांची देशव्यापी, सरकारी, कायद्याच्या आधाराची नोंदवही आपल्याकडे असायला हवी असं मी म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हा रकाना असतो. सार्वजनिक आरोग्याच्या भाषेत याला सर्वेक्षण म्हणतात. शब्द रुक्ष आहे. त्याचा अर्थ एवढाच की कुणाला काय आहे, तो कुठे राहतो, त्याला काय मिळतं, त्याचं पुढे काय होतं आणि तो मेला तर कशाने मेला, हे कुणीतरी सलग आणि जबाबदारीने लिहून ठेवायचं.

आज काय परिस्थिती आहे? दर लाख पुरुषांमागे साधारण २१ जणांना हिमोफिलिया असतो. या हिशेबाने भारतात दीड लाखाच्या आसपास रुग्ण निघायला हवेत. नोंद झालेले तीस हजारांच्या आतबाहेर. जन्माचा हिशेब केला तर देशात वर्षाला साधारण साडेतीन हजार मुलगे हा आजार घेऊन जन्माला येत असणार. शेजारी अमेरिकेचा आकडा ठेवून पाहा. आपल्या पाव लोकसंख्येहूनही लहान असलेल्या त्या देशात ओळख पटलेले रुग्ण तीस हजारांच्या वर आहेत. त्यांच्याकडे हा आजार जास्त आणि आपल्याकडे कमी असं काही नसतं. सगळ्या वंशांत, सगळ्या देशांत तो जवळपास सारख्याच प्रमाणात होतो. आपल्याकडचे लाखभर लोक एकतर न ओळखता लंगडत जगताहेत, नाहीतर माझ्या मामासारखे दाताच्या, पडल्याच्या, सुंतेच्या, बाळंतपणाच्या निमित्ताने गेलेत.

हा २१चा आकडाही आला कुठून ते बघण्यासारखं आहे. अगदी अलीकडेपर्यंत जगात हिमोफिलियाचे चार लाख रुग्ण असावेत असा अंदाज सांगितला जाई. २०१९ साली ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स, इटली, न्यूझीलंड आणि ब्रिटन या सहा देशांच्या राष्ट्रीय नोंदवह्या एकत्र तपासल्या गेल्या आणि अंदाज निघाला सव्वाअकरा लाख पुरुषांचा, त्यात तीव्र आजाराचे चार लाख अठरा हजार. सहा वह्यांनी जगाचा आकडा जवळपास तिप्पट करून टाकला. ज्यांनी मोजलं त्यांच्यावरून न मोजलेल्यांचा अंदाज बांधायचा, आणि त्या न मोजलेल्यांत मोठा वाटा आपला.

मोजून काय होणार, औषध आहे का, असा प्रश्न मला एका सरकारी बैठकीत कळकळीनेच विचारला गेला होता. त्याचं उत्तर फॅक्टरच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या औषधाच्या, बाटलीत आहे. किलोमागे एक युनिट दिलं की रक्तातली फॅक्टर आठची पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते आणि आठ ते बारा तासांत त्यातलं निम्मं उतरतं. वीस किलोच्या पोराचा गुडघा रक्ताने भरला तर एका वेळी पाचशे युनिट, आणि सूज हटेपर्यंत पुन्हा. ब्लीड होण्याची वाट न पाहता आठवड्यातून दोन-तीनदा आधीच द्यायचं म्हटलं तर वर्षाची बेरीज कुणालाही करता येईल. आता उपचार केंद्राची मागणी सहसा कशावरून ठरते? गेल्या वर्षीच्या खपावरून. गेल्या वर्षी माल मार्चऐवजी जूनमध्ये आला, मधले तीन महिने लोक हात हलवत परत गेले, म्हणून खप कमी दिसला. मग यंदाची मागणीही कमी. गेल्या वर्षीचा तुटवडा यंदाची गरज म्हणून कागदावर चढतो. ज्या जिल्ह्यात फॅक्टर मिळतच नाही तिथला रुग्ण केंद्रात जातच नाही, आणि मग तिथे रुग्णच नाहीत असा अहवाल जातो. औषध नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून औषध नाही. हे चक्र तोडायचं असेल तर नोंद औषधापासून सुटी करायला लागेल : फॅक्टर मिळो न मिळो, माणसाचं नाव वहीत चढलंच पाहिजे.

मोजणाऱ्यांनी आजवर काही केलंच नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. १९८३ साली स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशन इंडियाने आणि गावोगावच्या तिच्या शाखांनी हे काम ओढलं, बहुतेक ठिकाणी रुग्ण आणि त्यांच्या आईवडिलांनीच. देशाचा म्हणून जो आकडा आपण सांगतो तो मुख्यतः त्यांच्या वह्यांतून आलेला आहे. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथे हिमोफिलिया ए आणि फॉन विलेब्रांड आजार (रक्त नीट न गोठण्याचाच दुसरा एक आनुवंशिक विकार) झटपट ओळखणारी, गावपातळीवर वापरता येईल अशी स्वस्त चाचणी तयार झाली. आयसीएमआरने २०१७ मध्ये दुर्मीळ आणि आनुवंशिक रोगांची एक नोंदवहीही सुरू केली. महाराष्ट्राने सातारा, नाशिक, ठाणे, अमरावती इथून हिमोफिलियाच्या डे केअर केंद्रांची सुरुवात केली. तोवर रुग्णाला मुंबई-पुणे गाठण्यावाचून गत नव्हती. वेल्लोरला तर हिमोफिलिया एच्या पाच रुग्णांवर जनुकीय उपचार करून डॉक्टरांनी २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पाचांचे रक्तस्राव थांबले. म्हणजे आपल्याला नवं जनुक बसवता येतं, माणसं मोजता येत नाहीत. या सगळ्या प्रयत्नांतला दोष एकच की ते सुटे सुटे आहेत. संस्थेची वही संस्थेकडे, रुग्णालयाची रुग्णालयाकडे, अपंगत्वाच्या कार्डाचा आकडा तिसऱ्याच खात्याकडे. एक पोरगं तीन ठिकाणी मोजलं जातं आणि दुसरं एकाही ठिकाणी नाही.

आणि सरकारला मोजता येत नाही हे खोटं आहे. सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. आदिवासी भागातल्या ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट ठेवलं गेलं, पोर्टल झालं, कार्डं वाटली गेली. गडचिरोली-नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हे काम व्हायलाच हवं होतं. पण हिमोफिलियाला हे का मिळालं नाही याचं कारण माझ्या मते वैद्यकीय नाही. सिकलसेलला नकाशा आहे. जिल्हे आहेत, समाज आहेत, मतदारसंघ आहेत. हिमोफिलिया सगळीकडे थोडा थोडा सांडलेला आहे : साडेतीन हजार मुलग्यांच्या जन्मामागे साधारण एक, कोणत्याही जातीत, कोणत्याही गावात. त्याचा मोर्चा निघत नाही. एका तालुक्यातले सगळे रुग्ण गोळा केले तर एक वडापसुद्धा भरणार नाही. इतकं विखुरलेलं दुखणं राष्ट्रीय पातळीवरच दिसू शकतं, म्हणून ते राष्ट्रीय पातळीवरच मोजायला हवं.

विखुरलेला आजार गावपातळीवर कसा मोजायचा हेही आपल्याच राज्याने दाखवून दिलंय. मुंबईत १९६०च्या दशकात देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. पण त्याहून मला कौतुक बार्शीचं वाटतं. १९८७ साली बार्शी, परंडा, भूम या तीन तालुक्यांत ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली, देशातली पहिली ग्रामीण. तिथे पेशंट दवाखान्यात येण्याची वाट पाहायची सोय नव्हती, कारण तो यायचाच नाही. मग कार्यकर्तेच गावोगाव जाऊन बसले, लोकांशी बोलले, कुणाला गाठ आहे, कुणाचं अंगावरून जातंय, कोण कशाने गेलं हे विचारत राहिले. ज्या दुष्काळी पट्ट्यात तेव्हा वीज आणि फोनही धड नव्हते तिथे हे जमलं. आज आशाताईच्या हातात मोबाइल आहे आणि आपण तांत्रिक अडचणी सांगतो.

दुसरीकडे नोंदींनी काय साधलं, याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९३ ते १९९८ या काळात तिथल्या सहा राज्यांत सुमारे तीन हजार रुग्णांचा माग ठेवला गेला. विशेष हिमोफिलिया केंद्रात उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा चाळीस टक्क्यांनी कमी आहे, असं त्यातून दिसलं. औषध बहुतेक तेच, फरक पडला तो एका छताखाली डॉक्टर, फिजिओ, परिचारिका आणि समाजसेवक असण्याने. डे केअर केंद्राला भौतिकोपचारतज्ज्ञ कशाला हवा, असं विचारणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला हा एक आकडा पुरतो. आपल्याकडचा असाच आकडा मात्र आपल्याला देता येत नाही.

त्या देशाने ही शिस्त सुखासुखी लावून घेतली नव्हती. जुलै १९८२ मध्ये सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिक अहवालात हिमोफिलियाच्या तीन रुग्णांना एक विचित्र न्यूमोनिया झाल्याची बातमी आली. ते पुढे एड्सचं लक्षण ठरलं. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून बनलेल्या फॅक्टरमधून एचआयव्ही पसरला आणि तिथले निम्मे हिमोफिलियाग्रस्त बाधित झाले. त्यानंतर १९९८ पासून देशभरच्या केंद्रांत दर वर्षी रुग्णांचे नमुने तपासायची पद्धत बसली, ती हे पुन्हा घडलं तर लगेच कळावं म्हणून. (एप्रिल २०२५ मध्ये त्याच सीडीसीच्या रक्तविकार विभागावर नोकरकपातीची कुऱ्हाड कोसळली. चांगली वहीसुद्धा कायद्याने बांधलेली नसेल तर एका सहीने बंद पडते.)

ब्रिटनची गोष्ट मात्र माझ्या म्हणण्याला आडवी येते, आणि ती टाळून पुढे जाणं लबाडी होईल. तिथल्या हिमोफिलिया डॉक्टरांच्या संघटनेने १९६८ पासून राष्ट्रीय नोंद ठेवली होती. वही होती, आकडे होते. तरीही सुमारे साडेबाराशे रक्तस्रावग्रस्तांना एचआयव्ही झाला, त्यांत ३८० च्या आसपास मुलं होती. सर ब्रायन लँगस्टाफ यांनी केलेल्या सरकारी चौकशीचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला, त्यात जे बाहेर आलं ते वाचवत नाही : धोका दिसत असूनही आयात फॅक्टर देणं चालू राहिलं, रुग्णांच्या नकळत चाचण्या झाल्या, ट्रेलोर नावाच्या निवासी शाळेतल्या मुलांवर संशोधन झालं, आणि कागदपत्रंही नष्ट केली गेली. वही डॉक्टरांची होती, रुग्णांची नव्हती. डॉक्टरच औषध निवडत होते, डॉक्टरच नोंदत होते, आणि चुकीचा जाब डॉक्टरांनीच स्वतःला विचारायचा होता. त्यामुळे आपल्याकडे वही करताना ती कुणाच्या ताब्यात असेल हे आधी ठरलं पाहिजे. तिच्या समितीवर रुग्ण बसले पाहिजेत, पाहुणे म्हणून नव्हे, मत असलेले सभासद म्हणून. औषध खरेदी करणाऱ्या खात्याकडे ती देऊ नये. आपल्या तुटवड्याचा पुरावा कोण स्वतः जपून ठेवेल?

आता सगळ्यात अवघड आक्षेप. मुलीचं लग्न.

माझ्या बहिणीला मोठी मुलगी आहे, नऊ वर्षांची. ती वाहक, म्हणजे सदोष जनुक पुढे नेणारी, असण्याची शक्यता निम्मी. उद्या आजोळचा रकाना आला, मावशा-मामेबहिणींची नावं चढली, की ही वही फुटायला कितीसा वेळ लागेल? आपल्याकडे स्थळ बघताना डोळ्यांचा नंबर लपवतात तिथे हे! दाजींनी मला स्पष्ट सांगितलं, "पोराचं लिहा, पोरीचं काही लिहायचं नाही." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे, पण गावातल्या कुजबुजीवर तो चालत नाही. मला सुचतं ते असं : नाव-गाव जिल्ह्याच्या उपचार केंद्रातच राहावं, वर जावा तो फक्त क्रमांक. वाहक मुलीची नोंद तिची ती अठराची झाल्यावर, तिने म्हटलं तरच व्हावी. आईबापांनाही तो हक्क नसावा. विमा कंपनी, नोकरी देणारा, पोलीस यांना ही वही उघडता येऊ नये, असं कायद्यात शब्दांत लिहिलेलं असावं. क्षयाची नोंद २०१२ पासून सक्तीची झाली, ती संसर्ग पसरतो म्हणून; इथे कुणाचं कुणाला लागत नाही, तेव्हा सक्ती केंद्रांवर असावी, माणसांवर नको.

पण मुलींना वहीबाहेर ठेवणं म्हणजे त्यांना वाचवणं, हा समज मात्र खोटा आहे. वाहक स्त्रियांत अनेकींचा फॅक्टर कमी असतो आणि त्यांनाही रक्तस्राव होतो. फॉन विलेब्रांड आजार तर बायका-पुरुष दोघांनाही होतो आणि हिमोफिलियाहून कितीतरी जास्त आढळतो. त्याची ओळख पटली तीच एका मुलीमुळे. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरची ह्यॉर्डिस पाच वर्षांची असताना एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी तिला तपासलं, तिच्या घराण्याचा पट मांडून १९२६ साली शोधनिबंध लिहिला. ह्यॉर्डिस तेराव्या वर्षी गेली, चौथ्या पाळीच्या रक्तस्रावाने. आपल्याकडे तेराव्या वर्षी अशी गेलेली मुलगी कुठल्या रकान्यात लिहिली गेली असती? 'अंगावरून जाणं' हे आपण आजार समजतच नाही, ते बाईच्या जातीचं भोगणं समजतो. आठ आठ दिवस कपडे बदलत, हिमोग्लोबिन सहा-सातवर आणून बायका शेतात राबतात आणि त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या जातात.

बीडचं प्रकरण आठवत असेल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ब्याऐंशी हजारांहून जास्त ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या सगळ्यांना रक्तविकार होता असं मी म्हणत नाही. खाडा पडला तर कापली जाणारी मजुरी, मुकादमाची उचल आणि खासगी दवाखान्यांची घाई ही कारणं उघड आहेत. मला वेगळंच छळतं. यांतल्या ज्या जणी 'अंगावरून फार जातंय' म्हणून आल्या, त्यांतल्या कितींना पिशवी काढण्याआधी रक्त गोठण्याची एक साधी तपासणी मिळाली असेल? ज्या विकाराची वहीच नाही त्याचा विचार डॉक्टरच्या मनात येणार कसा?

नात्यातल्या लग्नांचं थोडक्यात. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या अनेक समाजांत रीतीचं आहे. फॅक्टर तेरा, फॅक्टर सात यांची कमतरता किंवा ग्लान्झमान हा रक्तातल्या बिंबिकांचा दोष, यांसारखे अत्यंत दुर्मीळ विकार आईवडील दोघांकडून एकेक दोष आल्यावरच उमटतात, आणि अशा घरांत ते जास्त दिसतात. नाळ पडताना कित्येक तास थेंब थेंब रक्त येत राहणं ही तेरा नंबरच्या कमतरतेची ठळक खूण आहे. ती सगळ्यांत आधी सुईणीला आणि आता आशाताईला दिसते. तिच्या घरभेटीच्या कागदावर एक चौकोन वाढवायला खर्च किती येईल?

आणि मृत्यू. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित होतं ते एक चतुर्थांशाहून कमी मृत्यूंचं. बाकीचे ताप, कावीळ, अपघात, 'निमित्त'. मातामृत्यूचं आपण घरी जाऊन अन्वेषण करतो. वीस वर्षांखालच्या कुणाचाही रक्त न थांबल्याने मृत्यू झाला तर तसंच अन्वेषण व्हावं आणि त्यात आजोळची चौकशी असावी. एका मृत्यूतून दोन-तीन जिवंत भाऊ सापडतील.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाला एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत जागा दिली. शिक्षणातलं आरक्षण चाळीस टक्क्यांच्या अटीवर मिळतं, सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांत मात्र रक्तविकार नाहीत. २०११ च्या जनगणनेने दिव्यांगत्वाचे आठ प्रकार विचारले, त्यांत रक्त नव्हतंच. यादीत आलो, मोजणीत आलो नाही.

गेल्या वर्षी भाच्याच्या नव्या केंद्रात मी तिथल्या सिस्टरना विनंती केली की तो जुना 'नाही' खोडून टाका. त्या म्हणाल्या, जुना कागद बदलता येत नाही. पण बाई समजूतदार. समासात पेनाने लिहिलं, 'आईचे मामा, वय १०, दातातून रक्तस्राव, मृत्यू.' मग आईकडे वळून म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला बहिणी किती?"

आईला एकच बहीण होती, करमाळ्याकडे दिलेली, वारलेली. येणंजाणं तुटलेलं. आईने चार घरं फिरवून तिच्या मुलीचा नंबर मिळवला आणि रविवारी फोन लावला. पोरंबाळं, पाऊसपाणी सगळं झालं. मग हळूच विचारलं, तुझ्या धाकट्याचं कसं काय? पलीकडून उत्तर आलं, "बरंय मावशी. पायानं अधू आहे तेवढंच. लहानपणी वारं गेलं गुडघ्यावरनं."

तो बावीस वर्षांचा आहे, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. डे केअरचा पत्ता आणि तपासणीचा वार मी त्याला पाठवला आहे. त्याचं म्हणणं, सोमवारी बाजार असतो, दुकान बंद ठेवून कसा येऊ.